सहा मिनिटांची परीक्षा

परीक्षा म्हटली म्हणजे तीन तासांची, कागद-शाईची आणि छातींत धडधड उत्पन्न करणारी, अशी सर्वसाधारण कल्पना असते. परंतु जिला अवघीं सहा मिनिटें लागतात, जींत लेखणीला मुळींच काम नाहीं, आणि तरीही जिच्या निकालावर माणसाची पुढील कित्येक महिन्यांची दिनचर्या अवलंबून राहूं शकते, अशीहि एक परीक्षा आहे. रोग्यानें लांब व सपाट वाटेवर सहा मिनिटें चालावें. तो किती अंतर चालला, त्याला कितपत धाप लागली आणि त्याच्या रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण किती उतरलें, हें मोजावें. एवढाच तिचा अभ्यासक्रम. श्वसनाच्या विषाणुजन्य रोगांतून, विशेषतः कोरोनांतून, उठलेल्या माणसाची खरी प्रकृति जाणण्याच्या कामीं या परीक्षेचा उपयोग कोणता आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

महाराष्ट्राला ही परीक्षा अगदीं अपरिचित नाहीं. ९ मार्च २०२० रोजीं पुण्यास राज्यांतील पहिले कोरोनाचे रोगी आढळले, आणि पुढें वर्षभरानें आलेल्या दुसऱ्या लाटेंत रुग्णालयांतील खाटा व प्राणवायु या दोहोंचीहि चणचण भासूं लागली. त्या कठीण दिवसांत, म्हणजे एप्रिल २०२१ मध्यें, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागानें घरीं राहून उपचार घेणाऱ्या लोकांना हीच चाचणी घरच्या घरीं करण्याचें आवाहन केलें. बोटाला ऑक्सिमीटर लावून आंकडा पाहावा. नंतर घरांतल्या घरांत, सपाट जमिनीवर, जिन्याची चढ-उतर न करतां सहा मिनिटें चालावें. आणि पुन्हां आंकडा पाहावा. तो ९३ च्या खालीं गेला, किंवा चालण्यापूर्वींच्या आंकड्यापेक्षां तीनहून अधिक उतरला, अथवा धाप लागली, तर रुग्णालयाची वाट धरावी. साठ वर्षांवरील माणसांनीं सहाऐवजीं तीन मिनिटें चालावें. ज्यांना बसल्या ठिकाणींच धाप लागते त्यांनीं, तसेंच दमेकऱ्यांनीं, या भानगडींत पडूं नये. अनेक घरांतील दिवाणखाने व ओसऱ्या त्या उन्हाळ्यांत परीक्षागृहें बनल्या होत्या.

त्या वेळीं ही परीक्षा रोग वाढत आहे कीं काय, हें ओळखण्यासाठीं होती. पण रोग गेल्यानंतर काय? रोगी घरीं आला, विषाणूचा मागमूस उरला नाहीं, ताप नाहीं, खोकला नाहीं. म्हणजे तो बरा झाला काय? या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं.

नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय बाजूस, तेलंगणाच्या सीमेलगत, बिलोली हें तालुक्याचें गांव आहे. मांजरा नदीच्या या मुलखांत बाजारांत मराठी, तेलुगु आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच वेळीं कानीं पडतात. येथील जीवन शेतीवर, म्हणजेच अंगमेहनतीवर चालतें. अशा मुलखांतील एका पन्नाशीच्या शेतकरी गृहस्थाचें चित्र कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावें. दुसऱ्या लाटेंत तो आजारी पडला, जिल्ह्याच्या गांवीं दवाखान्यांत पंधरा दिवस राहिला आणि सुदैवानें वांचून घरीं आला. महिना लोटला. ओट्यावर बसून तो पाहुण्यांशीं चांगला बोलतो; बोटाला यंत्र लावलें तर आंकडा ९७ दिसतो. परंतु सोयाबीनच्या शेतांत जाऊन बांध चढला कीं त्याला दम लागतो, पाय लटपटतात आणि तो बांधावरच बसून राहतो. घरचीं माणसें प्रथम काळजी करतात, मग समजूत घालतात आणि शेवटीं कुजबुजूं लागतात. "आंकडा तर चांगला आहे, मग बापूंना झालें तरी काय? आजारपणाची संवय लागली म्हणायची!" या एका वाक्यानें माणसाला जेवढ्या वेदना होतात, तेवढ्या तापानेंहि होत नसतील. जो आपल्याच घरांत आळशी ठरला, तो एक तर हताश होऊन अंथरूण धरतो, नाहीं तर ईर्षेनें झेपेल त्याहून अधिक काम अंगावर घेतो. दोन्ही मार्ग सारखेच घातक आहेत.

बसल्या ठिकाणचा आंकडा असा फसवा कां निघतो, हें समजण्यासाठीं फुफ्फुसांची रचना थोडी पाहिली पाहिजे. मनुष्याच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून सुमारे तीस कोटि वायुकोश असतात. प्रत्येक वायुकोशाभोंवतीं अतिसूक्ष्म केशवाहिन्यांचें जाळें असतें, आणि मधल्या अत्यंत पातळ पडद्यांतून प्राणवायु रक्तांत उतरतो. रक्तांतील तांबडी पेशी या जाळ्यांतून जातांना विश्रांतीच्या वेळीं सुमारे पाऊण सेकंद तेथें असते, आणि तिला प्राणवायूनें भरून निघण्यास त्यापैकीं साधारण एकतृतीयांश वेळ पुरतो. म्हणजे निसर्गानें भरपूर वेळ हातीं राखून ठेविला आहे.

बाजाराच्या दिवशीं बसस्थानकावर एस.टी. उभी राहते, तसाच हा प्रकार आहे. गाडी निवांत उभी असली म्हणजे दार अरुंद असलें तरी सगळे उतारू चढतात आणि गाडी भरून निघते. पण गाडी क्षणभरच थांबली तर? दार रुंद असेल तर उतारू झटपट चढतील. दार अडलेलें असेल तर कित्येक आसनें रिकामीं ठेवूनच गाडीला निघावें लागेल. श्रम करतांना हृदय वेगानें चालतें, रक्त वेगानें धांवतें आणि तांबड्या पेशीचा मुक्काम पाऊण सेकंदावरून पाव सेकंदाच्या आसपास येतो. निरोगी फुफ्फुसांत तेवढ्यांतहि काम भागतें. परंतु रोगानें वायुकोशाचा पडदा सुजला किंवा जाड झाला असेल, तर पेशी अर्धवट भरूनच पुढें निघून जाते. बसल्या ठिकाणीं झांकलेला दोष चालतांच उघडा पडतो. ज्याप्रमाणें भिंतीची ओल उन्हाळ्यांत दिसत नाहीं आणि पहिल्या पावसांत दिसते, त्याप्रमाणेंच हें आहे.

श्रम हाच शरीराचा खरा परीक्षक होय, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वींची आहे. स्नायूंच्या अभ्यासाबद्दल १९२२ सालचें नोबेल पारितोषिक ज्यांना मिळालें, त्या इंग्लंडच्या आर्चिबाल्ड हिल यांनीं १९२० नंतरच्या काळांत धांवणाऱ्या माणसाचा श्वास पिशवींत गोळा करून, शरीर जास्तींत जास्त किती प्राणवायु घेऊं शकतें हें मोजलें. १९६८ मध्यें अमेरिकन वायुदलांतील डॉक्टर केनेथ कूपर यांनीं बारा मिनिटांत कोण किती धांवतो यावरून ही शक्ति अजमावण्याची सोपी रीति प्रसिद्ध केली. पण छातीच्या रोग्यानें धांवावें कसें? म्हणून १९७६ मध्यें ब्रिटिश डॉक्टरांनीं धांवण्याऐवजीं बारा मिनिटें चालण्याची चाचणी अंमलांत आणली. आणि अशक्त माणसांना बारा मिनिटेंहि जड जातात असें दिसून आल्यावर १९८२ मध्यें दोन, सहा व बारा मिनिटांच्या चाचण्यांची तुलना होऊन सहा मिनिटांचा मध्यममार्ग पुढें आला. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनें २००२ सालीं तिचे नियम बांधून दिले.

बोटाला लावावयाच्या यंत्राची कथाहि मनोरंजक आहे. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनीं १९७४ च्या सुमारास त्याचें मूळ तत्त्व शोधून काढलें. प्राणवायूनें भरलेलें रक्त आणि प्राणवायु गमावलेलें रक्त तांबडा व अवरक्त प्रकाश निरनिराळ्या प्रमाणांत शोषून घेतात. आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर होणारा चढउतार तेवढा निवडून काढला, म्हणजे सुई न टोंचतां धमनींतील रक्ताची परीक्षा होते. ज्या एप्रिल २०२० मध्यें जगांतील घराघरांत या यंत्राची मागणी वाढत होती, त्याच महिन्यांत आओयागी यांचें निधन झालें. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथींत मुंबईपासून निजामाच्या राज्यापर्यंत असंख्य लोक मेले. आणि जे वांचले त्यांच्या अशक्ततेचें मोजमाप करण्याचें असें कोणतेंहि साधन त्या पिढीजवळ नव्हतें.

आतां ही परीक्षा रीतसर कशी घेतात तें पाहूं. त्यासाठीं तीस मीटर लांबीची सपाट व मोकळी वाट हवी. रुग्णालयाचा लांब व्हरांडा त्यास उत्तम. दोन्ही टोकांस खुणा ठेवतात व जवळच खुर्ची असते. रोग्यानें पायांत नेहमींची वहाण घालावी, नेहमीं काठी वापरत असेल तर तीहि घ्यावी, आणि आधीं दहा मिनिटें स्वस्थ बसावें. त्या वेळीं नाडी, रक्तदाब व प्राणवायूचें प्रमाण नोंदवितात. मग तो आपल्या सोयीच्या चालीनें, पण जमेल तितकें अधिक अंतर कापण्याच्या हेतूनें, येरझारा घालूं लागतो. त्यानें धांवूं नये. दम लागला तर थांबावें, भिंतीला टेकावें. घड्याळ मात्र थांबत नाहीं. परीक्षकानेंहि दर मिनिटास ठरलेलीं वाक्येंच सौम्य स्वरांत उच्चारावीं, असा नियम आहे; कारण कोणी जोरानें "शाबास काका, आणखी जोरानें!" असें ओरडूं लागला, तर त्या उत्तेजनानेंच अंतर वाढतें आणि दोन दिवसांच्या निकालांची तुलना व्यर्थ ठरते. शेवटीं अंतर मोजतात, पुन्हां नाडी व प्राणवायु पाहतात, आणि धाप व थकवा किती वाटला याला रोगी स्वतः गुण देतो. ही गुणपद्धति स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची आहे. विद्यार्थ्यानेंच स्वतःला गुण द्यावयाचे आणि परीक्षकानें ते मान्य करावयाचे, अशी ही विरळा परीक्षा होय.

निरोगी प्रौढ मनुष्य सहा मिनिटांत साधारणपणें चारशें ते सातशें मीटर चालतो. वय, उंची, वजन आणि स्त्रीपुरुषभेद यांमुळें त्यांत फरक पडतो. म्हणून शेजाऱ्याच्या आंकड्याशीं आपला आंकडा ताडून पाहण्यांत अर्थ नाहीं. आपल्याच मागील आंकड्याशीं ताडावा. कांहीं आठवड्यांनीं पुन्हां चाचणी घेतली व अंतर तीस मीटरच्या आसपास वाढलें, तर ती सुधारणा खरी मानण्यास जागा आहे. मात्र दुसऱ्या खेपेस केवळ सरावानेंहि थोडें अंतर वाढतें, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. जेथें लांब व्हरांडा नाहीं तेथें खुर्चीवरून एका मिनिटांत हातांचा आधार न घेतां किती वेळां उठतां-बसतां येतें, हें मोजण्याचीहि पद्धत आहे. लहान गांवांतील दवाखान्यांना ती विशेष सोयीची.

निकाल हातीं आला, पुढें काय? अंतर कमी पडण्याचीं कारणें निरनिराळीं असतात. पहिलें कारण फुफ्फुसांत: अशा वेळीं चालतांना प्राणवायूचा आंकडा खालीं घसरतो. दुसरें हृदयांत किंवा रक्तांत: हृदयाच्या स्नायूला सूज असेल, वा रक्तांत लोह कमी असेल, तर आंकडा न उतरतांहि दम लागतो. तिसरें कारण मात्र सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित, तें म्हणजे अंथरुणानें केलेली हानि. १९६६ मध्यें अमेरिकेंतील डलास येथें वीस वर्षांच्या आसपासच्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर पडून राहण्यास सांगितलें. त्यांना कोणताहि रोग नव्हता. तरीसुद्धां त्यांची प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति एकचतुर्थांशाहून अधिक घटली. पुढें तीस वर्षांनीं त्याच पांच जणांची पुन्हां तपासणी झाली, तेव्हां तीस वर्षांच्या वार्धक्यानें जेवढी शक्ति नेली त्याहून त्या तीन आठवड्यांच्या निजण्यानें अधिक नेली होती, असें आढळलें. तरुणांची ही गत, तर रोगानें पोखरलेल्या पन्नाशीच्या शेतकऱ्याची काय कथा! परंतु याच प्रयोगाची दुसरी बाजू आशादायक आहे: आठ आठवड्यांच्या पद्धतशीर व्यायामानें त्या तरुणांची गेलेली शक्ति परत आली होती.

या तीन कारणांपैकीं कोणतें खरें, हें चालण्याची चाचणी सांगूं शकत नाहीं. ती दोष आहे एवढें दाखविते. दोषाचें नांव सांगत नाहीं. त्यासाठीं मोठ्या शहरांतील कांहीं रुग्णालयांत अधिक सूक्ष्म परीक्षा होते. रोग्याला जागेवरच्या सायकलवर बसवून तोंडावर मुखवटा चढवितात. पायडलाचा भार क्रमाक्रमानें वाढवीत दहा-एक मिनिटें ती चालवावयास लावतात. आणि प्रत्येक श्वासांतून किती प्राणवायु आंत गेला व किती कर्बवायु बाहेर आला, हृदयाची विद्युल्लेखा कशी उमटली, हें यंत्र टिपून ठेवतें. कोरोनानंतर महिनोन्महिने थकवा राहिलेल्या रोग्यांवर अनेक देशांत अशा तपासण्या झाल्या. कित्येकांच्या बाबतींत फुफ्फुसें व हृदय ठीक असूनहि स्नायूंची शक्ति उतरलेली दिसली. कित्येकांची श्वास घेण्याची लयच बिघडलेली आढळली. तर कांहींच्या हृदयाचा वेग श्रमाच्या प्रमाणांत वाढतच नव्हता. म्हणजे जी तक्रार घरच्यांनीं मनाचे खेळ म्हणून उडवून लाविली होती, तिला शरीरांतच आधार होता.

येथें एक गंभीर इशारा दिला पाहिजे. व्यायाम हें उत्तम औषध असलें, तरी सर्वांना एकच मात्रा लागू पडत नाहीं. कोरोनाचीं लक्षणें आरंभापासून साधारण तीन महिन्यांनींहि टिकून असलीं व तीं किमान दोन महिने राहिलीं, दुसरें कारण सांपडलें नाहीं, तर त्या अवस्थेला जागतिक आरोग्य संघटनेनें ऑक्टोबर २०२१ मध्यें स्वतंत्र व्याख्या दिली. अशा रोग्यांपैकीं कांहींना श्रमाच्या वेळीं ठीक वाटतें, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ते पार कोलमडून पडतात. त्यांच्या बाबतींत "रोज थोडें अधिक" हा नियम हितापेक्षां अहितच करतो. त्यांनीं आपल्या शक्तीच्या शिलकींतच खर्च ठेवावा, आणि डॉक्टरांनींहि परीक्षा घेतल्यानंतर दोन दिवसांनीं कसें वाटलें, हें अवश्य विचारावें. ज्यांच्या हृदयाला सूज आली असेल त्यांनीं तर तज्ज्ञानें मोकळीक देईपर्यंत कष्टाचा व्यायाम वर्ज्य समजावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें तरुण माणसांच्या आकस्मिक मृत्यूंविषयीं २०२३ मध्यें जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत पूर्वीं कोरोनासाठीं रुग्णालयांत दाखल झालेलें असणें आणि मृत्यूपूर्वींच्या दोन दिवसांत अतिश्रम केलेले असणें, या दोन्ही गोष्टींचा धोक्याशीं संबंध आढळला. लशीच्या दोन मात्रांनीं मात्र तो धोका कमी झालेला दिसला. यावरून भिऊन हातपाय गाळून बसावें असें नव्हे. पण अंथरुणांतून उठून एकदम नांगराला हात घालूं नये, एवढें निश्चित.

घरच्या परीक्षेसंबंधींहि दोन शब्द आवश्यक आहेत. ज्याला नुकताच, म्हणजे गेल्या महिन्याभरांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, बसल्या ठिकाणीं ज्याची नाडी १२० च्या वर आहे किंवा रक्तदाब फार चढलेला आहे, त्यानें घरीं ही चाचणी करूं नये. चाचणी करणाऱ्याजवळ दुसरें माणूस असावें. छातींत दुखूं लागलें, घेरी आली वा पाय लटपटले तर तत्काळ थांबावें. यंत्रावरहि आंधळा विश्वास ठेवूं नये. बोट गार असेल, नखाला रंग असेल किंवा बोटावर गडद मेंदी असेल तर आंकडा चुकूं शकतो. अमेरिकेंत २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, कृष्णवर्णीय रोग्यांच्या रक्तांतील प्राणवायूची उणीव हें यंत्र अधिक वेळां लपवितें, असें आढळलें. उन्हांत राबून रापलेल्या आपल्या मराठवाड्याच्या माणसांनीं हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आंकडा चांगला आणि जीव घाबरा, अशी वेळ आली तर जीवाचें ऐकावें.

जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. परंतु श्वसनाचे विषाणु कांहीं संपले नाहींत. इन्फ्लुएन्झा दरवर्षीं येतो आणि त्यांतून उठणाऱ्यांपुढें हाच प्रश्न उभा राहतो. शहरांतल्या नोकरदाराला रजा मिळते, घरून काम करण्याची सवलतहि मिळते. बिलोलीच्या बाजूचा शेतमजूर मात्र हात चालला तरच जेवतो. घरांतील स्त्रीला तर आजारपणांतहि चूल सुटत नाहीं. घागर डोक्यावर घेऊन येतांना तिला वाटेंत दोनदां टेकावें लागलें, तर ती तें कोणास सांगतहि नाहीं. ज्यांना विश्रांति परवडत नाहीं, त्यांनाच तिची मात्रा नेमकी किती हवी हें कळण्याची गरज सर्वांत अधिक असते. म्हणून ज्या परीक्षेला लाखोंचें यंत्र लागत नाहीं, एक व्हरांडा, एक घड्याळ, एक ऑक्सिमीटर आणि सहा मिनिटें सबूर बाळगणारें माणूस एवढीच सामग्री लागते, तिची खरी जागा तालुक्याच्या दवाखान्यांत आहे.

पुन्हां त्या कल्पिलेल्या शेतकऱ्याकडे वळूं. समजा, कोणी त्याला व्हरांड्यांत चालविलें. तो थांबत थांबत दोनशें सत्तर मीटर चालला आणि आंकडा ९७ वरून ९० वर आला. हा निकाल आनंदाचा नव्हे. पण त्याच्या मुलानें तो आपल्या डोळ्यांनीं पाहिला. त्या क्षणीं घरांतील कुजबुज थांबली. त्याच्या फुफ्फुसांची पुढील तपासणी झाली, उपचार ठरले, कामाचे तास ठरले, आणि दोन महिन्यांनीं पुन्हां त्याच व्हरांड्यांत येण्याचें ठरलें. दुसऱ्या खेपेस तो किती चालेल हें आज सांगतां येणार नाहीं. परंतु आपलें दुखणें खरें आहे एवढें घरच्यांनीं मानलें, म्हणजे रोग्याचें अर्धें ओझें उतरतें. ज्यांच्या घरीं असा कोणी बांधावर टेकून बसणारा असेल, त्यांनीं त्याला आळशी म्हणण्यापूर्वीं त्याच्याबरोबर सहा मिनिटें चालून पाहावें.